चिमूटभर भंडारा आणि खास मुखत्यारपत्र

तारीख: संक्रांतीनंतरचा पहिला मंगळवार. जागा: लोहारा, दुय्यम निबंधकांचं कार्यालय. हजर: मी, माझा धाकटा भाऊ, जो दिवाळीपासून मृगापर्यंत मेंढरांमागे चालतो, भावजय, जी त्याच्या दोन पावलं पुढे चालते, जमीन विकणारे निवृत्त गुरुजी, आमच्या वकीलबाई, ओळख पटवायला साक्षीदार म्हणून माझे यजमान आणि सास्तूरचे एक शेजारी. गैरहजर: आमचे चुलते, अप्पा. गैरहजेरीचं कारण: वाटेवरची मेंढरं त्यांच्या ताब्यात.

हे शेवटचं कारण आमच्या घराण्यात याआधी कधी घडलेलं नव्हतं. ते कसं घडलं हे सांगायचं तर दिवाळीपासून सुरुवात करायला हवी.

मी उमरग्यात एका दवाखान्याचं औषधभांडार सांभाळते. काय आलं, काय गेलं, कशाची मुदत कधी संपते, हे लिहून ठेवलं की मला झोप लागते. माहेरी सास्तूरला मात्र लिहिण्याची रीत नव्हती. दिवाळी झाली की मेंढरं वाटेला लागायची. निघायच्या सकाळी अंगणात घोंगडं अंथरायचं, त्यावर बिरोबाचा भंडारा ठेवायचा आणि जाणाऱ्यानं मागे राहणाऱ्याच्या हातावर चिमूटभर भंडारा देऊन म्हणायचं, "माझा शब्द तुझ्या तोंडी." एवढंच. मग कुणाची सोयरीक असो की बांधाची तक्रार, मागे राहिलेला माणूस जे बोलेल ते जाणाऱ्याचं बोलणं. भंडाऱ्याची पुडी बांधून ठेवायची आणि मृगाला मेंढरं परत आली की घोंगड्यावर बसून परत करायची. शब्द ज्याचा त्याला पोचला.

इतकी वर्षं हा भंडारा अप्पा घेत. भूकंपानंतर नवं गाव वसलं तेव्हा आमचं घर कुठल्या गल्लीत घ्यायचं हे अप्पांनीच माझ्या वडिलांच्या वतीनं ठरवलं होतं. वडील त्या वेळी मेंढरं घेऊन बिदरकडे होते. परत आल्यावर त्यांनी घर बघितलं आणि म्हणाले, "माझं घर कुठलं?" अप्पांनी बोट दाखवलं. वडील आत गेले. त्यावर दुसरी चर्चा झाली नाही.

या दिवाळीला अप्पांनी हात पुढे केलाच नाही.

"मला आता निम्मंच ऐकू येतंय," ते भावाला म्हणाले. "निम्म्या ऐकण्यावर पुरा शब्द कसा सांभाळू? तिला दे."

ती म्हणजे मी. चहाच्या कपबश्या गोळा करत होते. आजवर आमच्याकडे बाईच्या हातावर हा भंडारा पडलेला नव्हता. भाऊ हसला, म्हणाला, "आक्का, कपबश्या ठेव खाली. शब्द घे." मी हात पदराला पुसला आणि घेतला. त्या दिवशी उमरग्याला परत येताना एसटीत मी ती पुडी पर्समध्ये ठेवली नाही, मुठीत धरून बसले.

आता गुरुजींच्या जमिनीविषयी. गावाच्या कडेला त्यांची दोन एकर जमीन, एक विहीर, बाभळीची सावली. गुरुजी मुलाकडे पुण्याला कायमचं जायच्या तयारीत होते. त्या तुकड्यावर भावजयीचा डोळा दोन वर्षांपासून. मेंढरं सोडायची नव्हती तिला. पण चालणं कमी करायचं होतं, व्यालेल्या मेंढीला चार दिवस एका जागी ठेवायचं होतं. मागच्या उन्हाळ्यात मला म्हणाली होती, "वन्सं, आपन ज्याच्या रानात उतरतो ना, तो मानूस कितीबी चांगला असू द्या, एक दिवस सकाळी येऊन म्हनतोच, आता उठा. मला एक जागा पायजे. जिथनं कोन उठा म्हननार न्हाय."

संक्रांतीच्या आठवडाभर आधी गुरुजींचा फोन आला. दुसरं गिऱ्हाईक विचारतंय, पण तुमच्या घरानं आधी शब्द टाकला होता, काय करता? माझ्या कपाटात भावाचा शब्द पुडीत बांधून ठेवलेला. मी म्हणाले, "गुरुजी, जमीन आम्ही घेतली." आणि फोन ठेवून दवाखान्याच्या जिन्यात एक गिरकी घेतली. खालून येणाऱ्या वॉर्डबॉयनं विचारलं, "काय ताई, बोनस आला का?"

दोन दिवसांनी गुरुजी आणि मी वकीलबाईंच्या टेबलासमोर बसलो. वकीलबाई माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, आवाज मात्र शाळेच्या घंटेसारखा. त्यांनी आमची अडचण दोन वाक्यांत मांडली. गुरुजींची त्यांच्या भावाशी वाटणी झालेली, पण त्या वाटणीचा फेरफार अजून मंजूर नव्हता. तो मंजूर होऊन सातबारावर गुरुजींचं एकट्याचं नाव लागल्याशिवाय खरेदीखत करायचं नाही. आणि ते होईपर्यंत आमची मेंढरं बसवकल्याणच्या पलीकडे गेलेली असणार.

"मग सोपा रस्ता आहे," गुरुजी म्हणाले. "मी ह्यांच्या भावाला कुलमुखत्यारपत्र करून देतो. जमीन ताब्यात घ्या, काय करायचं ते करा. मी पुण्याला मोकळा. आमच्या गावात चार जणांनी असंच घेतलंय."

"गुरुजी," वकीलबाई म्हणाल्या, "मुखत्यारपत्रानं जमीन विकली जात नाही. तुमच्या वतीनं काम करायचा अधिकार मिळतो, मालकी तुमचीच राहते. आणि अधिकार देणारा माणूस गेला, की साधारणपणे ते पत्रही त्याच्याबरोबर गेलं. तुमचं वय काय?"

"मी ठणठणीत आहे," गुरुजी जरा रागानं म्हणाले.

"शंभर वर्षं राहा. पण ह्यांची जमीन तुमच्या तब्येतीवर कशाला टांगायची?"

माझ्या डोळ्यांसमोर एकदम भावजय आली. कुणीतरी उठा म्हणणार नाही अशी जागा हवी तिला, आणि मी तिला अशी जागा देणार होते, जिथं उद्या गुरुजींचे वारस पुण्याहून येऊन म्हणतील, उठा. मी गुरुजींना सांगितलं, खरेदीखतच करायचं, तुम्हाला एकदा पुण्याहून यावं लागेल. गुरुजींनी मान हलवली, पण हुरडा खायला घालायच्या अटीवर.

मग मी पर्समधून पुडी काढली आणि टेबलावर ठेवली. "खरेदीच्या दिवशी भावाच्या वतीनं सही करायला मी आहे. त्यानं मला शब्द दिलाय."

वकीलबाईंनी पुडीला हात जोडले. "बिरोबा खरा. पण निबंधक साहेबांना कागद लागतो. तुमच्या भावानं तुम्हाला मुखत्यारपत्र करून दिलं पाहिजे. आणि जमिनीच्या खरेदीसाठी आहे, तेव्हा नोटरीच्या शिक्क्यावर भागवायचं नाही. आधी निबंधकांसमोर येऊन नोंदवायचं."

भावाला फोन लावला. तो उमरग्याच्या अलीकडे, हमरस्त्यापासून आत एका तुरीच्या कापलेल्या रानात उतरला होता. स्पीकरवर मेंढरांचाच आवाज जास्त. वकीलबाई मोठ्यानं सांगू लागल्या आणि मी लिहून घेऊ लागले.

एक, कुलमुखत्यारपत्र. म्हणजे सगळी कामं: घेणं, विकणं, बँक, कोर्ट, भाडं, जे जे त्यात लिहाल ते सगळं. दोन, खास मुखत्यारपत्र. एकच नेमकं काम, आणि ते काम झालं की पत्र आपोआप संपलं. तीन, न फिरवता येणारं. ज्याला अधिकार दिला त्याचा स्वतःचाच त्या मालमत्तेत काही हक्क गुंतलेला असेल तर. बाकीचं कुठलंही पत्र देणारा हवं तेव्हा रद्द करू शकतो, मात्र रीतसर लिहून आणि कळवून.

"कुल," भाऊ तिकडून ओरडला. "कुल करा. मोठ्ठं."

"खास," मी म्हणाले.

"का?"

"मला एक सही करायचीय. त्यासाठी तुझं घर, तुझी बँक, तुझं सगळं माझ्या नावावर कशाला?"

"आक्का, म्या भंडारा दिला तवा काय मोजून दिला का? ह्या कामाला एवडा, त्या कामाला तेवडा?"

"तो भंडारा होता."

"मग ह्यो काय है? तू माजं घर इकनार हैस का?"

"नाही."

"मग झालं तर!"

मी त्याला किल्ल्यांचं सांगितलं. दवाखान्यात माझ्याकडे भांडाराची किल्ली आहे, ऑपरेशनच्या खोलीची नाही. मोठ्या डॉक्टरांनी एकदा ती देऊ केली होती, मी नको म्हणाले. ज्या खोलीत माझं काम नाही तिची किल्ली कमरेला असली, की तिथलं काही हललं तरी लोक आधी माझ्याकडे बघणार. त्याला ते पटलं नाही. खरं तर तो दुखावला होता. इतकी वर्षं अख्खा शब्द देणाऱ्या माणसाच्या पोराला मी सांगत होते, मला चतकोरच पुरे.

तेवढ्यात फोन भावजयीच्या हातात गेला.

"वन्सं बरोबर बोलत्यात," ती म्हणाली. "भंडाऱ्यावर बिरोबाचं ध्यान आसतंय. कागदावर कुनाचं आसतंय? खासच करा. आन वकीलीनबाई, एक इचारू का? त्या कागदात माजं नाव कुठं लिवनार?"

गुरुजींनी खुर्ची फोनजवळ सरकवली.

"तुमचं नाव कशासाठी?" वकीलबाईंनी विचारलं, पण त्यांच्या आवाजात हसू होतं.

"जमिनीवर. ह्यांच्या नावाबरबर."

मागून भाऊ म्हणाला, "तुजं कशाला? तू काय पळून चालली का?"

"मी कुठं पळू? मेंढरं माज्या हाकंवर येत्यात. मी पळाली तर ती बी माज्या मागं येतील. मग तुमी एकलेच बसा जमिनीवर."

गुरुजी टेबलावर थाप मारून हसले. भाऊही हसला असावा, कारण नंतर नुसता म्हणाला, "लिवा मग. दोगांचं लिवा." मी चटकन तारखेसह लिहून घेतलं, त्याचा विचार बदलायच्या आत.

पण दोघांची नावं म्हणजे खरेदी घेणारे दोघं. अधिकार देणारे दोघं. म्हणजे लोहाऱ्याला निबंधकांसमोर दोघांनीही यायचं. आणि आमच्याकडची सगळ्यात जुनी रीत अशी की नवरा-बायको दोघांनी एकदम मेंढरं सोडून जायचं नाही. सोयऱ्यांच्या लग्नाला एक जण जातो, दुसरा राहतो. ते दोघं एका मांडवात एकत्र उभे राहिले ते फक्त स्वतःच्या लग्नात, असं भाऊ म्हणतो.

मी ओळखीच्या मेंढपाळांची नावं काढली. एक तुळजापूरकडे गेलेला, एकाच्या घरी बाळंतपण, एकाशी भावाचं चराईवरून बोलणं बंद. संध्याकाळी सास्तूरला अप्पांना फोन केला, त्यांच्या ओळखीत कोणी आहे का विचारायला. सगळं दोनदा सांगावं लागलं. मग अप्पा म्हणाले, "मला घेऊन चल."

"अप्पा, तुम्हाला साक्षीला यायचंय."

"साक्षीला गावात लई मानसं हैत. मेंढरांपाशी बसनारा म्या एकलाच हाय."

त्या मंगळवारी सकाळी आम्ही जीपनं त्या तुरीच्या रानात पोचलो. पावसाळ्यात मेंढरं गावात असली की पूर्वी अप्पाच चारायचे; चार वर्षांपूर्वी ठेवलेली ती काठी त्यांनी धुऊन-पुसून आणली होती. गुडघे दुखतात म्हणून घरात भिंत धरून चालणारा माणूस जीपमधून उतरला तो थेट कळपात शिरला. तोंडानं एक आवाज काढला, मी लहानपणी ऐकलेला. पुढची मेंढी थबकली, मान वर करून बघू लागली. अप्पा मागे न बघताच म्हणाले, "जावा आता. उभं राहून काय बघताय?"

भावजय जीपमध्ये बसली, पण वळून वळून मागे बघत होती. "म्हाताऱ्याला पानी कुठं है ते दावलं का?" "दावलं." "कुत्र्याला वळख पटली का?" "पटली." लोहारा येईपर्यंत हेच. मी कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते: आधार कार्डं, फोटो, शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं म्हणून भावाच्या वाट्याच्या खडकाळ चार गुंठ्यांचा सातबारा, वकीलबाईंनी केलेला मसुदा. तो मसुदा भावजयीनं फोनवर दोनदा वाचून घेतला होता आणि जीपमध्ये स्वतः तिसऱ्यांदा वाचला, बोट ठेवून, हळूहळू. एका ओळीवर थांबली.

"वन्सं, 'सदर काम पूर्ण होताच हे मुखत्यारपत्र संपुष्टात येईल'. म्हंजे तुमी मग सुटला?"

"सुटले."

"बरंय. न्हायतर आमच्यापायी तुमाला जलमभर सह्या कराव्या लागल्या असत्या."

कार्यालयात आमचा नंबर आला. साहेबांनी आधी भावाला विचारलं, "वाचलंत? समजलं? स्वखुशीनं देताय?"

"देतोय साहेब," भाऊ म्हणाला, "पन लई कमी दिलंय."

"काय कमी दिलं?"

"सगळं द्यायचं हुतं. हिनंच न्हाय घेतलं."

साहेबांनी चष्मा वर केला आणि माझ्याकडे नीट बघितलं. "बाई, इथं लोक जास्त लिहून घेतलं म्हणून भांडायला येतात. कमी घेतलं म्हणून तक्रार आजच ऐकली." मग भावजयीकडे वळून तेच विचारलं. ती म्हणाली, "वाचलं. समाजलं. माजं नाव दुसऱ्या वळीत है." साहेब म्हणाले, "आहे." तिनं सही केली, पूर्ण नाव, सगळ्या काना-मात्रांसकट.

मग अंगठे. यंत्राच्या काचेवर भावानं अंगठा ठेवला. यंत्र काही बोलेना. पुन्हा ठेवला. कारकून म्हणाले, "दाबून." दाबला. "हलकासा." हलका ठेवला. डावा, उजवा, काहीच नाही. मागच्या रांगेतले लोक पुढे वाकून बघू लागले. दोघांना पुन्हा इथं आणायचं म्हणजे पुन्हा अप्पा, पुन्हा जीप, आणि कळप तर दोन दिवसांत हद्दीपलीकडे निघणार होता.

कारकुनांनी काचेकडे निरखून बघितलं. काच पिवळीधमक झाली होती.

"हे काय लावलंय?"

भाऊ माझ्याकडे बघू लागला, मी त्याच्याकडे. जीपमधून उतरताना बहाद्दरानं खिशातला भंडारा काढून आधी स्वतःच्या कपाळाला लावला, मग बायकोच्या, मग माझ्या. दोघींच्या हातावरही चिमूटभर ठेवला होता, कागदाआधी रीत व्हायला हवी म्हणून. आणि मी, एरवी सगळ्या सूचना आधी लिहून ठेवणारी, आनंदानं हात पुढे केला होता. आमच्या तिघांचेही अंगठे हळदीनं माखलेले.

"मोठा शब्द दिला न्हवं," भावजय हळूच म्हणाली, "आता धुवा."

आम्ही तिघं अंगणातल्या नळावर. साबण नव्हता. चहाच्या टपरीवरल्या बाईनं भांड्यांची वडी दिली आणि विचारलं, "हळद कुणाची? नवरा-नवरी कोन?" भावानं बायकोकडे बोट दाखवलं. बाई म्हणाली, "उशीर केलासा." तिथंच उभं राहून आम्ही इतके हसलो की गुरुजी आतून बघायला आले. दगडावर घासूनघासून अंगठे लाल झाले. परत गेल्यावर यंत्रानं भावजयीचा अंगठा पहिल्या फटक्यात घेतला, भावाचा तिसऱ्या, माझाही तिसऱ्या. कॅमेऱ्यात तिघांचे फोटो निघाले. कपाळावरचा भंडारा तेवढा राहिला होता, तो साहेबांनी राहू दिला.

संध्याकाळी रानात परत गेलो तर अप्पा बांधावर बसून मेंढरांशी बोलत होते. भावाला म्हणाले, "आलास? कशाला आलास? जा गावाकडं. म्या जातो बसवकल्यानला." जीपमध्ये बसायला त्यांनी फार वेळ लावला.

फेरफार मंजूर झाला. मेंढरं तेव्हा कर्नाटकात होती. गुरुजी पुण्याहून आले, आधी हुरडा खाल्ला, मग सही केली. मी खरेदीखतावर दोनदा सही केली, एकदा भावाच्या वतीनं, एकदा भावजयीच्या वतीनं, 'करिता मुखत्यार' असं लिहून. अंगठा घरूनच साबणानं धुऊन आणला होता. वकीलबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "ताई, तुमचा अधिकार संपला." मी म्हणाले, "पेढा घ्या."

फोन लावला. पहिल्यांदा लागला नाही, दुसऱ्यांदा लागला.

"झालं?" भावजय.

"झालं. दोन नावं."

मेंढरांचा आवाज येत होता. मग म्हणाली, "वन्सं, आमी ज्याच्या रानात हाय तो आत्ताच येऊन गेला. परवा उठा म्हनला." आणि एवढं खळखळून हसली की मीही फोन धरून भर रस्त्यात हसत सुटले.

माझ्या वहीत 'जमीन' या मथळ्याखालच्या सगळ्या कामांवर आता रेघ आहे: मसुदा, नोंदणी, खरेदी, सातबाऱ्यावर नावं लावायचा अर्ज. एकच उरलंय. कागदाचा अधिकार संपला तरी भंडाऱ्याची पुडी अजून माझ्या कपाटात आहे, ती मृगाला परत करायची. आजवर ती एकाच माणसाच्या हातावर जायची. पण या वेळी शब्द दोघांचा होता. मी अप्पांना विचारलं, रीत काय म्हणते?

"मला कशाला इचारतीस?" अप्पा म्हणाले. "मृगापर्यंत त्येचा शब्द तुज्या तोंडी हाय. तूच ठरव."

ठरवलंय. दोन कोरे कागद कापून पुडीशेजारी ठेवलेत. पण भंडारा घोंगड्यावरच वाटतात आणि आमचं घोंगडं सध्या भावजयीच्या खांद्यावर आहे, हद्दीपलीकडे. तेव्हा दोन पुड्या बांधायच्या राहिल्यात.